सेलोवरची टिचकी

टेक एक

पियानो थांबला. चौघा वादकांनी आपापले गज तारांपासून बोटभर वर उचलले आणि तसेच धरून ठेवले. कोणी हललं नाही. मग सेलोवाल्या काकांनी मधलं बोट अंगठ्याला अडकवून सेलोच्या अंगावर एक टिचकी मारली. खुट्. लगेच पियानोचा खालचा, जाड सूर आला, चारही गज एकदम उतरले आणि काचेच्या अलीकडच्या खोलीत बसलेल्या रेकॉर्डिस्टने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

त्याच खोलीतल्या सोफ्यावर संगीतकाराची बायको बसली होती. तिने डोळे पुसले नाहीत. तिने तोंडावर हात ठेवला, कारण ती टिचकी तिच्या ओळखीची होती. ती तिच्या घरातल्या दाराची होती. पियानोच्या खोलीचं दार बाहेरून हळूच ओढून घेतलं की खटका बसताना नेमका असाच आवाज होतो, बसका, अर्धवट गिळल्यासारखा.

आणि त्या दिवशी ते दार ओढून घेणारी तीच होती.

टेक एकच्या आधी

हे नीट कळायचं तर जरा मागे जायला हवं. फार नाही, घरापर्यंतच.

संगीतकाराला कागदावर सूर मांडायचा मनस्वी कंटाळा. तो घरीच जुन्या उभ्या पियानोवर बसतो. पियानोचे हातोडे आणि तारा यांच्यामध्ये नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची पट्टी सोडतो. त्यामुळे सूर शेजारच्या खोलीतून आल्यासारखा येतो. माइक इतके जवळ लावतो की पियानोचं लाकूड कुरकुरतं तेही ऐकू येतं. मग घराने चिडीचूप व्हायचं. फ्रिज बंद. घड्याळ कपड्यांच्या कपाटात. नळ सोडायचा नाही, भांडं वाजवायचं नाही. त्या वेळात बायको मोजे घालून आपल्याच घरात चोर शिरल्यासारखी वावरते. एकदा फ्रिज पुन्हा सुरू करायचा राहिला आणि दूध नासलं, तेव्हा त्याने अत्यंत गंभीर चेहऱ्याने पातेल्याची माफी मागितली होती. तो असाच आहे. ते पुढे येईलच.

घरच्या रेकॉर्डिंगवरून सेलोवाले काका बाकीच्या वाद्यांचं लिहितात. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक सेलो. ते कोणाचेच काका नाहीत, पण केस पिकलेत आणि सगळ्यांना रागावतात, म्हणून काका. त्यांचा नियम असा की रेकॉर्डिंगमध्ये जे जे ऐकू येतं ते ते कागदावर उतरलं पाहिजे. चूक कुठली आणि मुद्दाम कुठलं, हे ठरवणारा मी कोण, असं ते म्हणतात. मागे एकदा वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली होती. ती आज व्हायोलाचा एक लांब, दुखरा सूर आहे आणि मैफिलीत त्या जागी माणसं हमखास डोळे मिटतात.

हा तुकडा वाजवताना संगीतकार मध्येच थांबला होता. बराच वेळ. मग खुट्. मग पुढे. काकांनी थांबणं लिहिलं, खुट्ही लिहिलं.

टेक दोन

कोणीतरी खोकलं.

लोक काय म्हणतात

घरचं ते रेकॉर्डिंग नणंदेने जसंच्या तसं लोकांपुढे सोडून दिलं. नणंद भावाचे कार्यक्रम ठरवते, त्याच्या वतीने भांडते आणि त्याला लहानपणीच्या नावाने, घुम्या म्हणून हाक मारते. ऐकणारे वाढतच गेले. रेकॉर्डिंगखाली लोकांनी लिहायला सुरुवात केली आणि सगळे त्या मधल्या थांबण्याबद्दलच लिहायला लागले. एकाला तिथे वडिलांची दवाखान्यातली खोली दिसली. एकीने लिहिलं, मी घर सोडलं ते याच जागी. एकाचा कुत्रा गेला होता. एका बाईंनी नुसतं लिहिलं, तुम्हाला कसं कळलं.

बायको हे वाचायची आणि चक्रावून जायची. कारण घरातला माणूस निराळा होता. घरातला माणूस टोमॅटो निवडताना प्रत्येक टोमॅटोला नाव ठेवायचा. गीझर तापेपर्यंत त्याच्या आवाजात सूर लावून गायचा. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला. मेणाचे दात कोरायचे, चिनी मातीचे थर चढवायचे, शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळवायचा. ती घरी आली की तो विचारायचा, आज कोणाकोणाचं तोंड बंद केलंस? हा माणूस हे एवढं दुःख आणतो कुठून? बाहेरून आणतो म्हणावं तर तो फारसा बाहेर जातच नाही. घरातलंच असेल तर मग ते मला कसं दिसत नाही? मी मेणात केसाएवढा उंचवटा राहिला तरी ओळखते.

हे तिने नणंदेला एकदा विचारलं होतं. नणंद म्हणाली, अगं, तो घुम्याच आहे. सगळ्यांची थट्टा करेल, स्वतःबद्दल ताकास तूर लागू देणार नाही. आमच्या आईलाही नाही लागू दिली.

त्या दिवशी

त्या दिवशी तिला जायचं होतं. म्हणजे, जाणार आहे असं सांगायचं होतं.

ज्यांच्या हाताखाली ती काम शिकली त्या मॅडमनी दुसऱ्या गावी स्वतःची लॅब काढायची ठरवली होती. तू ये, त्या म्हणाल्या, नोकर म्हणून नको, बरोबरीने ये. तिने रात्रंदिवस विचार केला. नवऱ्याला काही बोलली नाही, कारण तो हसवेल आणि मग बोलायचंच राहून जाईल. विचार करता करता तिच्या लक्षात आलं की तो येईल का, हा प्रश्न आपण स्वतःलासुद्धा विचारलेला नाही. त्याच्याशिवायच सगळं चित्र डोळ्यापुढे येतंय. ती एकदम घाबरली. आणि मग दुपारी, फ्रिज बंद असताना, घर चिडीचूप असताना, ती मोजे घातलेल्या पावलांनी गेली आणि तिने पियानोच्या खोलीचं दार उघडलं.

नियम मोडला. आजवर कधी मोडला नव्हता.

तो पाठमोरा होता. वाजवत होता. मग थांबला. ती उंबऱ्यावर उभी राहिली, तोंड उघडलं, आणि परत मिटलं. तो वळला नाही. त्याची बोटं पट्ट्यांवर तशीच होती. ती उभी. तो बसलेला. मग तिने पाऊल मागे घेतलं, दार ओढून घेतलं आणि दारापलीकडून तो जाड सूर ऐकू आला.

त्याला कळलंच नाही, असं तिने ठरवून टाकलं. मॅडमना नाही म्हणून कळवलं. पुढे ते रेकॉर्डिंग गाजलं, पण तिने ते कधी बसून ऐकलं नाही. घरात रोज ऐकू येतच होतं, मुद्दाम काय ऐकायचं. आता मॅडमचा पुन्हा फोन आला होता. लॅब उभी राहिली होती, माणूस मिळत नव्हता. आज संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर मी दुसरी बघते. म्हणून आज तिने रजा काढली आणि त्याच्याबरोबर स्टुडिओत आली. मध्ये कुठेतरी सवड सापडली की बोलू, असा बेत होता. नणंदेला वाटलं, वहिनीला अखेर संगीताची गोडी लागली.

माहीत होतं तर / माहीत नव्हतं तर

माहीत होतं तर, मी दारात उभी आहे हे समजून तो तसाच बसून राहिला. आणि ते रेकॉर्ड केलं. आणि जगाला ऐकवलं.

माहीत नव्हतं तर, थांबला का?

माहीत होतं तर मी जाते.

माहीत नव्हतं तर, एवढी मी दारात उभी राहिले आणि ज्याला फ्रिजची घरघरही ऐकू येते त्याला मी ऐकू आले नाही. तरी जाते?

माहीत होतं तर निदान त्याला काही वाटलं तरी.

माहीत नव्हतं तर ते दुःख दुसऱ्याच कोणाचं.

सोफ्यावर बसून ती हे दोन ढीग लावत राहिली आणि दर वेळी एका ढिगातलं दुसऱ्यात जात राहिलं.

टेक तीन, चार, आणि एक अर्धवट

काही जमेना. रेकॉर्डिस्टचे डोळे पहिल्या टेकनंतर कोरडेच राहिले. थांबायची जागा आली की पहिला व्हायोलिनवाला पायाच्या अंगठ्याने मात्रा मोजायचा आणि बुटाचं टोक हलताना दिसायचं. व्हायोलावाल्या मुलीने कबूल केलं की तेवढ्या वेळात तिला घरी इस्त्री चालू राहिली की काय, असं वाटत राहतं. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये जीव कंठाशी येतो, रेकॉर्डिस्ट म्हणाला, इथे तुम्ही बसची वाट बघताय. काका चिडले. त्यांनी थांबणं घड्याळ लावून मोजलं होतं, तितकंच लिहिलं होतं. टिचकीसाठी तर त्यांनी प्रत्येक बोट वापरून पाहिलं होतं, सेलोवरच्या वेगवेगळ्या जागा ठोकून पाहिल्या होत्या. त्या टिचकीत एका माणसाचं आयुष्य आहे, असं ते व्हायोलावालीला समजावत होते.

मधल्या सुट्टीत बायकोने नवऱ्याला पाण्याच्या यंत्रापाशी गाठलं. तो कागदी पेल्यात पाणी भरत होता आणि पेला गळत होता.

"मध्ये थांबलास ते का?" तिने विचारलं.

"लोकांना रुमाल काढायला वेळ नको का?"

"खरं सांग."

त्याने गळणारा पेला दुसऱ्या पेल्यात घातला. खरं म्हणजे आठवत नाही, असं तो म्हणाला. काकांना सांगितलं होतं की बोट अडकलं. मुलाखतीला आलेल्या बाईंना सांगितलं होतं की वडील असेच बोलता बोलता थांबायचे. दोन्ही सांगताना खरं वाटलं होतं. मग म्हणाला, तू का विचारतेस? तू कधी विचारत नाहीस.

ती सांगणारच होती. तेवढ्यात नणंद आली, घुम्या, जागेचं भाडं चढतंय, चल. आणि तो दोन्ही पेले हातात घेऊन गेला.

म्हणजे माहीत नव्हतं. ढीग ठरला. तिने मोबाइल काढला, मॅडमचं नाव उघडलं, आणि परत बंद केला. ज्याला माहीतच नव्हतं त्या माणसाला सोडून जायचं की त्याच्याजवळ राहायचं, हे तर तिने ठरवलंच नव्हतं.

टेक पाच

टेक पाच सुरूच झाला नाही. संगीतकार स्टुलावर बसला, पट्ट्यांवर हात ठेवले, काढले. तो काकांना म्हणाला की मोजलेलं थांबणं थांबण्यासारखं वाटत नाही. घरी ते कधी संपणार हे आपल्याला माहीत नव्हतं. इथे सगळ्यांना माहीत आहे. मग त्याने काचेकडे पाहिलं. काचेतून सोफा दिसतो. त्याने तिला हाताने आत बोलावलं.

ती आत गेली.

"तू जरा दाराशी उभी राहतेस का?" तो म्हणाला. "त्या दिवशी उभी होतीस तशी. तू दार ओढून घेतलंस की आम्ही सुरू करतो."

इतक्या सहज म्हणाला, जसं की जरा पंखा लाव.

काकांनी विचारलं, कुठल्या दिवशी? संगीतकाराने सांगितलं की घरी रेकॉर्ड केलं तेव्हा ही दारात येऊन गेली होती. काका हळूहळू आपल्या मधल्या बोटाकडे बघायला लागले.

"म्हणजे ते खुट्?"

"दाराचा खटका तो, काका."

काकांनी गजाला उगाच राळ घासली. व्हायोलावालीने मान खाली घातली, तिचे खांदे हलत होते.

आणि बायको? तिचा ठरलेला ढीग मोडला होता. म्हणजे माहीत होतं. पाण्याच्या यंत्रापाशी आठवत नाही म्हणाला आणि स्टुलावर बसल्यावर आठवलं. की तेव्हाही आठवत होतं? तिला ओरडायचं होतं, निदान पर्स उचलून चालू पडायचं होतं. पण रेकॉर्डिंगच्या वेळी तो सांगेल तसं करायची पायांना इतकी सवय झाली होती की तिच्या आधी पायच दाराकडे गेले. स्टुडिओचं दार जाड होतं, त्याच्या कडेला रबर होतं. तिने ते उघडलं आणि उंबऱ्यावर उभी राहिली.

त्याची पाठ. कॉलरची एक बाजू आत दुमडलेली. सकाळपासून तशीच असणार, कोणी सांगितलं नसणार.

पियानो सुरू झाला. नमद्याखालून येणारे ते सूर तिने शंभरदा ऐकले होते, पण आता ती पहिल्यांदाच त्यांच्याकडून काहीतरी मागत होती आणि ते काही देत नव्हते. नुसते एकामागून एक येत होते, पायरीवर बसून कोणी बूट काढावेत तसे. तंतुवाद्यं आली. व्हायोलाचा लांब सूर आला.

आणि पियानो थांबला.

गज वर.

.

आता कोणी मोजत नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते, तिच्या हाताकडे, मुठीतल्या हँडलकडे. फक्त तो बघत नव्हता. व्हायोलावालीचा गज थरथरायला लागला होता. तिने दार ओढलं नाही. तिला ओढायचं नव्हतं असंही नाही. हिशोब तर सोपा झाला होता, माहीत होतं तर मी जाते, असंच ठरलं होतं ना? मग दार ओढायचं आणि चालायला लागायचं. पण दार ओढलं की सूर येणार. सूर आला की ते चौघं वाजवायला लागणार, रेकॉर्डिस्ट रडणार, आणि पुन्हा एकदा तिचं न बोललेलं एवढं सुरेख होऊन जाणार की बोलायची सोयच उरणार नाही.

.

"मला दुसऱ्या गावी काम मिळालंय," ती म्हणाली. "मी जायचं म्हणतेय."

स्टूल कुरकुरलं. तो वळला.

तिने त्याचा हा चेहरा पाहिला नव्हता. झोपेतून उठवल्यावर माणसाला आपण कुठल्या खोलीत आहोत हे कळत नाही, तसा.

"आत्ता?"

"तेव्हाच सांगायला आले होते."

त्याने काकांकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे.

"मला वाटलं, जेवायला बोलवायला आलीस."

व्हायोलावालीला हसू फुटलं आणि तिने ते खोकल्यात ढकललं. मग तो बोलायला लागला, तुटक तुटक, थट्टेशिवाय. त्याला भूक लागली होती त्या दिवशी. सकाळपासून पोटात काही नव्हतं. दार उघडल्याचं कळलं, ती आली हे कळलं. वळलो तर ती म्हणेल, चल, गार होतंय, आणि मग बोटात आलेला तो सूर निघून जाईल. नाही वळलो तर तिला वाईट वाटेल. उठावं की बसावं, हे ठरेना. म्हणून थांबला. तेवढंच. मग खटका वाजला आणि त्याला वाटलं, रागावली. आणि ते वाटता वाटता बोटं खाली गेली, म्हणून तो सूर तसा लागला, जड. आधी तो तसा लावायचा नव्हता.

"म्हणजे मला काय वाटत होतं नेमकं?" त्याने विचारलं, आणि खरंच तिला विचारलं, जणू तिलाच ठाऊक असेल. "भूकच होती ना?"

तिच्याजवळ दोन ढीग होते. हे कुठल्याच ढिगात बसत नव्हतं. कोणाचे वडील, कोणाचं सोडलेलं घर, कोणाचा कुत्रा, ते सगळं या माणसाच्या रिकाम्या पोटावर उभं होतं. तिला हसू येत होतं आणि हसू येतंय याचा संताप येत होता. आणि आता तिला हेही आठवेना की त्या दिवशी तो वळला असता तर ती खरंच बोलली असती, की म्हणाली असती, चल, गार होतंय. पानं तर मांडलेली होती.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

वरच्या स्पीकरमधून रेकॉर्डिस्टचा आवाज आला. तो अगदी अदबीने विचारत होता की हे सगळं रेकॉर्ड झालंय, ठेवू की पुसू?

नणंद काचेपलीकडे उभी राहिली होती आणि पहिल्यांदाच तिला भाड्याची आठवण झाली नाही.

टेक नाही

ती बाहेरच्या बोळात आली. भिंतीला टेकून तिने मॅडमना फोन लावला. अजून संध्याकाळ व्हायची होती. मॅडमनी एकदम कामाचं बोलायला सुरुवात केली. भट्टी नवी आहे, खिडक्या उत्तरेला आहेत, रंग जुळवायला उजेड चांगला. तू येतेयस ना? तिच्या तोंडून हो आलं. आपण हो म्हणालो, हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या. "मग तुझ्यासाठी जागा बघायला लागते. एकटीच येणार की दोघं?"

स्टुडिओचं दार तिने ओढून घेतलं नव्हतं. फटीतून आतलं दिसत होतं. चौघांनी गज मांडीवर ठेवले होते. काका खिशातून काहीतरी काढून चघळत होते. संगीतकार तसाच बसला होता, स्टुलावर उलटा, पाठ पियानोकडे आणि तोंड दाराकडे. उठत नव्हता. परत पियानोकडे वळतही नव्हता. हात गुडघ्यांवर. कॉलर अजून आत दुमडलेली.

"ऐकतेयस ना?" मॅडम म्हणाल्या. "एकटी की दोघं?"

"विचारून सांगते," ती म्हणाली.

फोन ठेवला, आणि तरी ती बोळातच उभी राहिली, कारण आत जाऊन आधी काय विचारायचं, हे तिला ठरवता येत नव्हतं.